येसू घाडणीचा विस्तव

बसा नीट. दार लोटून घ्या. आणि इथं किती जण बसलोय ते मोजू नका. का मोजायचं नाही ते गोष्ट ऐकलीत की कळेल. तिरवळ्यातली माणसं माणसांना मोजत नाहीत, आणि ही गोष्ट तिरवळ्याची आहे.

फार वर्षांपूर्वीची. किती, ते मला विचारू नका. माझ्या आजीला तिच्या आजीनं सांगितली तेव्हाही ती जुनीच होती.

तिरवळे म्हणजे डोंगर आणि खाडी यांच्या मधे चिमटीत धरल्यासारखा गाव. एका अंगाला ओहोळ आहे, तिथं गावाची सीम संपते, आणि ओहोळाच्या अलीकडे एक उभा दगड आहे. असं म्हणतात, की पहिल्यांदा माणसं आली तेव्हा इथं नुसतं रान होतं, आणि त्या रानात आधीच कुणीतरी राहत होतं. कोण, ते कुणी बोलत नाही. गाव त्यांना नुसतं 'पयले' म्हणतं. माणसांनी रान तोडून शेतं केली, घरं बांधली, तेव्हा पयल्यांनी विचारलं, मग आम्ही कुठं जायचं? माणसं वरमली. शेवटी असं ठरलं, की गाव माणसांनी वापरावा, पण दर तीन वर्षांनी, भात घरात आलं आणि ग्रामदेव रवळनाथाला तांदूळ चिकटवून कौल झाला, की गाव पयल्यांना मोकळा करून द्यावा.

तिला गावपळण म्हणतात. सगळ्यांनी ओहोळापलीकडे जायचं. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, खाटेवरच्या म्हाताऱ्या, सगळे. घरच्या चुली विझवायच्या आणि पलीकडे झावळ्यांच्या खोपटात राहायचं. देवानं पुन्हा कौल दिला की परत यायचं. आत काय चालतं ते विचारायचं नाही.

जाताना एक रीत असते. घाडणीनं गावचा विस्तव एका मडक्यात घेऊन सीमेच्या दगडाशी उभं राहायचं. दगड ओलांडण्याआधी प्रत्येकानं मडक्यावर वाकून एक फुंकर मारायची. तान्हं मूल असेल तर त्याच्या तोंडाजवळ मडकं न्यायचं, श्वास लागला तरी पुरे. परत आल्यावर त्याच विस्तवानं गावातल्या चुली पेटवायच्या. लोकांना वाटायचं, वाटेत विस्तव विझू नये म्हणून ही फुंकर. मलाही लहानपणी तसंच वाटायचं.

गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो तो घाडी, त्याची बायको घाडीण. येसूचा नवरा घाडी होता. तो गेला तरी मडकं येसूकडेच राहिलं. तिला दोन मुली. केशर लग्नाच्या वयाची, आणि मथू अजून दात पडायच्या वयाची. घर ओहोळाकडेच्या वाडीत, अगदी शेवटचं.

त्या साली गावाला नवा खोत आला. सुभानजी त्याचं नाव. वय कोवळं, मिशी जेमतेम फुटलेली, हातात ताजी सनद आणि बरोबर भालेवाले शिपाई. वाईट माणूस होता असं नाही हं. आल्या आल्या त्यानं खाडीचा फुटलेला बांध घालून घेतला, स्वतः चिखलात उतरला. गाव म्हणाला, बरा दिसतोय. पण त्याच्या पोटात एकच भीती होती. आपण नवे, आपलं कुणी ऐकेल ना? तशात त्याला गावपळणीचं कळलं. सगळा गाव त्याला न विचारता उठून जाणार, आणि कुणाच्या सांगण्यावरून? दगडाच्या देवाला चिकटवलेल्या तांदळाच्या! त्याला ते झोंबलं. त्यानं दवंडी पिटली, की गाव सोडून कुणी जायचं नाही, जो जाईल त्यानं आपलं शेत गेलं समजावं. आणि सीमेच्या दगडाशी शिपाई उभे केले.

गावाचं धाबं दणाणलं. बोचकी बांधून तयार, गुरं सोडलेली, आणि पुढं भाले. मागं पयले, पुढं खोत. म्हातारीकोतारी रडायला लागली. तेव्हा येसू एकटी खोताकडे गेली. तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं, करार सांगितला, हात जोडले.

"खोतानू," ती म्हणाली, "गाव आमचो न्हय. मागून घेतलेलो आसा. ज्येचो त्येका आजच्या दिसा दिऊकच व्हयो."

"गाव माझा आहे," सुभानजी म्हणाला. "सनदेवर माझं नाव आहे. त्यांच्याकडे आहे का सनद? असेल तर घेऊन यायला सांग."

शिपाई हसले. येसू हसली नाही. ती खाली बघत परत आली, आणि गाव मुकाट्यानं आपापल्या घरी गेला. शेताच्या भीतीनं गेला, यात लपवण्यासारखं काय आहे? पोट कुणाला सुटलंय?

तर मंडळी, सकाळ सरली. काहीच झालं नाही. ऊन पडलं होतं, पक्षी नेहमीसारखे ओरडत होते. काही जण तर म्हणायला लागले, की उगाच घाबरलो, खोताचं बरोबर असेल. मग दुपार झाली, आणि घराघरात जेवायची पानं मांडली.

सत्तू सुताराची बायको आवडू. तिनं रोजच्यासारखी पानं मांडली, पोरं येऊन बसली, आणि एक पोर पानाशिवाय राहिलं. चुकलं म्हणून तिनं आणखी एक पान आणलं. मग वाढता वाढता तिचा हात थांबला. पानं रोजच्या सवयीनंच मांडली होती. मग कमी कशी पडली? तिनं एकेका पोराच्या तोंडाकडे बघितलं. सगळी तिचीच. प्रत्येकाचं नाव ठाऊक, प्रत्येकाच्या वेळेस पोट किती दुखलं ते ठाऊक. कोण पायाळू, कुणाला गोवर आलेला, सगळं आठवतंय. आणि तरी घरात एक पोर जास्त होतं.

आवडूच्या हातातला भात खाली सांडला.

घरोघरी तेच झालं. कुठं एक भाऊ जास्त, कुठं एक सून, कुठं ओटीवर सुपारी कातरत बसलेला एक म्हातारा. चेहरा अनोळखी असता तर हाकलून दिला असता. पण एकही चेहरा अनोळखी नव्हता. पयले आपल्या घरी आले होते, ठरल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे. घर रिकामं नव्हतं, म्हणून ते माणसांत बसले. आणि असं म्हणतात, की जो आला त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, की आलो तो मीच.

यातच खरी भीती आहे. भूत समोर दिसलं तर पळता तरी येतं. इथं नवरा बायकोकडे बघेना, बायको नवऱ्याकडे बघेना. सासू सुनेच्या हातचं पाणी घेईना. आणि जरा वेळानं ज्यानं त्यानं आपल्याच हाताकडे बघायला सुरुवात केली, की मी तर नव्हे ना?

येसूच्या घरी पानं आणायचं काम केशरचं. ती परसातनं रोजच्यासारखी पानं कापून घेऊन आली, धुतली, मांडली आणि एक कमी पडलं. केशर पानांकडे बघत राहिली. मथूला काही कळलं नाही, ती आपली जेवायला लागली. येसूनं आपल्या वाटचा भात दोघींना वाढून टाकला. तिला भूकच नव्हती. ती समोर बसून आपल्या मुलींकडे बघत राहिली.

केशर जन्मली तेव्हा वीज पडून माड जळाला होता. मथू जन्मली तेव्हा घरात तेल नव्हतं, शेजारणीनं दिवा आणून दिला होता. दोन्ही तिला आठवत होतं, काल घडल्यासारखं. यातलं एक खरं नसणार. कुठलं? ती रात्रभर दोघींच्या मधे बसून राहिली, आणि तिला एकच धास्ती, की सकाळ होईल आणि आपल्याला निवडावं लागेल.

गावात त्या रात्री कुणी झोपलं नाही. कुत्री तेवढी झोपली होती, ती एकदाही भुंकली नाहीत.

सकाळी खोत स्वतः येसूच्या अंगणात आला. पायात वहाणा नव्हत्या. त्याचं झालं होतं असं, की शिपाई भाले घ्यायला उभे राहिले आणि एकाला भाला उरला नाही. सुभानजीनं नावं घेतली. प्रत्येकानं ओ दिली. प्रत्येकाला तोच घेऊन आला होता, त्यात कुणीही उपरा नव्हता, आणि तरी भाला कमी. सनदेत यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तो अंगणात उभा राहिला. कालचा ताठा कुठल्या कुठे गेला होता.

येसूला त्याचा राग नव्हता, तिला वेळच नव्हता रागवायला. तिच्या सासूनं मरताना एक गोष्ट सांगितली होती, ती तिला पहाटे आठवली होती. ज्याच्या फुंकरीनं विस्तव फुलत नाही, त्याला सीमेपलीकडे नेऊ नये. श्वास जिवंत माणसाचा, पयल्यांना श्वास नसतो. आणि त्यांतला एक जरी बाहेर गेला, तर त्याच्या बदली आपल्यातलं एक माणूस आत राहतं, कायमचं. इतकी वर्षं सगळे फुंकर मारत आले, सगळ्यांचा विस्तव फुलत आला, म्हणून रीत कशासाठी होती तेच गाव विसरला होता.

तिनं खोताला हे सांगितलं. मग म्हणाली, की भाले बाजूला कर, गाव जाऊ दे, आणि सगळ्यांच्या आधी फुंकर तू मार.

"मी?" सुभानजीनं विचारलं.

"तूच," येसू म्हणाली. "तू वाकलंस तर गाव वाकतलो. न्हायतर कोण आपल्या पोराक मडक्याकडे आणूचो नाय."

केशरनं चुलीतला विस्तव मडक्यात भरला, नारळाची सोडणं घातली, फुंकून फुंकून जागा केला. येसूनं मडकं उचललं आणि ती दगडाशी जाऊन उभी राहिली. दुपारचं ऊन अगदी डोक्यावर होतं, सावल्या पायाखाली. सगळा गाव जमला होता.

सुभानजी पुढं झाला. काल ज्या बाईला शिपायांदेखत परत पाठवलं, तिच्या हातातल्या मडक्यावर वाकायचं. पण मानापमानाचं त्याला तेव्हा काही नव्हतं, असं म्हणतात. त्याला भलतीच भीती होती. विस्तव फुललाच नाही तर? सनद कुणाच्या नावाची, शिक्का कुणाचा, आणि मी कोण? त्यानं फुंकर मारली. राख उडून त्याच्या पागोट्यावर, मिशीवर बसली, आणि खाली विस्तव लालभडक फुलला. तो तिथंच गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून दगडाच्या पलीकडे उभा राहिला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात देऊन ओहोळात उतरवू लागला.

एकेक घर पुढं आलं. कुणाचा विस्तव फुलला की घरचे हंबरडा फोडायचे, आनंदानं. कुणाचा फुलायचा नाही. ओटीवर सुपारी कातरणारा तो म्हातारा, त्यानं फुंकर मारली, काळ्या निखाऱ्याकडे बघितलं, जरासा हसला आणि काठी टेकत गावाकडे वळला. सगळ्यांचं इतकं सोपं नव्हतं. आवडू सुतारणीची पोरं एकेक करून पलीकडे गेली, आणि मधला मुलगा उरला. त्याच्या फुंकरीनं राख हलली नाही. तो रडला नाही. दगडाला टेकून उभा राहिला आणि आईकडे बघत राहिला. आवडू जाईना. दोघांनी धरून तिला ओहोळात उतरवली. पलीकडे पाय टेकताच ती मागं वळली, त्याला हाक मारायला तोंड उघडलं, आणि नावच येईना. कुणाला हाक मारत होते तेच तिला आठवेना. पण डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि ते कशाचं आहे हेही तिला सांगता येईना.

येसूनं हे बघितलं.

दुपार कलली. गाव सगळा पलीकडे गेला. अलीकडे राहिल्या तिघीच, मडकं धरलेली येसू, केशर आणि मथू. येसूच्या मनात आलं, मडकं इथंच दगडावर आपटून फोडावं. दोघींना घेऊन घरी जावं, आत राहावं, जे व्हायचं ते होऊ दे. कुठलीही एक सोडायची, आणि मग ओहोळापलीकडे तिचं नावसुद्धा आपल्या तोंडात उरायचं नाही! असं कुठल्या आईनं करायचं? ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. पण फोडलं नाही. त्या मडक्यात गावच्या चुली होत्या.

तिनं मडकं आधी मथूपुढं धरलं. मथूनं गाल फुगवले आणि फुंकर मारली. विस्तव फुलला, ठिणग्या उडाल्या. मथू खुदकन हसली.

म्हणजे केशर. येसूला तिच्याकडे बघवेना. केशर स्वतःच पुढं झाली. पांढरीफटक पडली होती पोरगी. डोळे मिटून ती वाकली आणि फुंकर मारली.

विस्तव फुलला. मथूच्या वेळेपेक्षाही लाल.

"दोनय माझीच," येसू म्हणाली. "देवा म्हाराजा, दोनय माझीच चेडवां." आणि ती हसायला लागली, रडायला लागली, दोघींच्या तोंडावरून हात फिरवायला लागली. कालपासूनची सगळी धास्ती एका क्षणात उतरली.

मग मथू म्हणाली, "आये, आता तू मार."

येसू थांबली. तिनं सगळ्या गावापुढं मडकं धरलं होतं. तिच्यापुढं कुणीच धरलं नव्हतं. मडकं धरणाऱ्या बाईला कोण विचारणार? तिला काल दुपारची पानं आठवली. केशरनं रोजच्या सवयीनं आणली होती ती. दोन. कालपासून आपण काही खाल्लं नाही आणि भूकही लागली नाही, हे तिच्या ध्यानात आलं. विस्तव जागा केला तोही केशरनंच.

ती वाकली. तिनं छाती भरून फुंकर मारली. राख जागची हलली नाही.

तिला भीती वाटली का? वाटली हो, का नाही वाटणार. स्वतःची अशी भीती कुणाला कधी वाटली नसेल. पण ती क्षणभरच. मग तिनं मुलींकडे बघितलं, आणि निवडायचं काही उरलंच नव्हतं. तिनं मडकं केशरच्या हातात दिलं. केशर काही बोलायच्या आत मथूचा हात तिच्या हातात दिला आणि दोघींना दगडापलीकडे लोटलं.

"आये, तू खंय चललंस?" केशरनं विचारलं.

"घरी," येसू म्हणाली. "मागं बघू नका. चूल पेटवलंस काय एक पान माझा मांड."

आणि ती वाडीच्या वाटेनं निघाली. भर उन्हात ती चालत गेली, आणि तिची सावली पडत नव्हती हे पलीकडच्या सगळ्या गावानं बघितलं, असं म्हणतात.

ओहोळ ओलांडल्यावर सगळ्यांना आठवलं, की येसू घाडीण दोन पावसाळ्यांपूर्वीच तापानं गेली होती. ओहोळाकडेच्या वाडीत त्या दोघी पोरीच राहत होत्या, एकट्या. सुभानजी तर शपथेवर सांगू लागला, की काल माझ्यापुढं हात जोडून उभी होती ती केशर, बाई नव्हेच. आता तुम्ही मला विचाराल, मग मघाशी तू खोताकडे गेलेली येसू सांगितलीस ती कोण? अहो, गाव जसं सांगतो तसं मी सांगतोय. जो पयला येतो तो स्वतःच्या आठवणी घेऊन येतो, आणि आपल्याही आठवणींत शिरून बसतो. बाकी जे आत राहिले त्यांची नावं पुसली गेली. येसूचं नाव राहिलं, कारण तिनं दिलेलं मडकं केशरच्या हातात होतं, आणि ते गरम होतं.

कौल झाला, गाव परत आला. केशरनं दार ढकललं तर घर ताजं सारवलेलं होतं, हंडे भरलेले होते, आणि चुलीशी फाटी रचून ठेवलेली होती. तिनं चूल पेटवली आणि पहिल्यांदा एक पान जास्त मांडलं. सुभानजी त्या घरी जेवायला आला. म्हातारा होईपर्यंत गावाचा खोत होता तो, आणि दर गावपळणीला सगळ्यांच्या आधी मडक्यावर वाकत आला.

आता खोत गेले, सरपंच आले. तरी तिरवळ्यात नवा सरपंच निवडून आला, मग तो कुठल्या का पक्षाचा असेना, की आधी सीमेच्या दगडाशी जातो आणि येसूच्या मडक्यावर फुंकर मारतो. कपाळावर उडालेली राख त्या दिवशी पुसत नाही. खुर्चीवर मग बसतो. मागं एक जण शहरातून शिकून आलेला होता, तो म्हणाला ही काय पद्धत आहे. त्याला कुणी काही बोललं नाही, नुसतं घरी जेवायला बोलावलं. पंगतीत बसल्यावर त्याला पान पुरलं नाही, आणि तो तसाच उठून दगडाशी गेला.

गावपळणीहून परतल्यावर घराघरात एक पान जास्त मांडतात, त्याला येसूचं पान म्हणतात. तिथं माणसं मोजत नाहीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही. आणि दगडाशी सगळा गाव फुंकर मारतो, म्हातारी, तान्ही, पाहुणे, सगळे. मडकं धरून जी बाई उभी असते, तिला मात्र 'तू मार' असं कुणी सांगत नाही, आणि तीही मारत नाही.